नोकरी गेली, घर बदललं, आता प्रार्थनेचं काय?

या महिन्याची पत्रं आणि ईमेल वाचताना एक गोष्ट जाणवली, देव आहे की नाही असं कुणीच विचारलेलं नाही. सगळ्यांची अडचण टाइमटेबलची आहे. कुणाची ड्युटी बदलली, कुणाचं घर गेलं, कुणाचं लग्न ठरलं, आणि जुन्या वेळापत्रकात जी श्रद्धा व्यवस्थित बसलेली होती ती नव्यात कुठे बसवायची तेच कळत नाहीये. जागा कमी असल्याने पत्रं थोडी छाटलीत, नावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न: मी 51 वर्षांचा, कांदिवलीला राहतो. अंधेरीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला होतो, मार्चमध्ये आमचं आख्खं डिपार्टमेंट बंद केलं. आता सकाळी सगळे कामाला गेले की घरात मी आणि पंखा. बायको म्हणते फ्लॅट विकून वसईला गावी जाऊ. लहानपणापासून रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवली नाही पण आता चर्चमध्ये बसलो की काहीच वाटत नाही, फादर बोलतात ते कानावरून जातं. माझी श्रद्धा गेली का?

उत्तर: भाऊ, श्रद्धा गेली असती तर तुम्ही हे पत्र लिहायचा त्रास घेतलाच नसता, आणि रविवारी त्या बाकावर जाऊन बसलाही नसता. गेलंय ते वाटणं. वाटणं आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याला लहानपणापासून त्या एकत्रच मिळाल्या, गाणी, सण, नवीन कपडे, नाताळचा फराळ, म्हणून पहिल्यांदा वेगळ्या झाल्या की माणूस घाबरतो.

आधी एक रोखठोक प्रश्न विचारते. झोप लागतेय का? जेवण जातंय का? कित्येक आठवडे रात्र रात्र डोळा लागत नसेल, सारखं आपण निकामी झालो असं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा, लाजू नका. नोकरी गेल्यावर डिप्रेशन येणं खूप कॉमन आहे आणि ते नुसत्या रोझरीने, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेने, जाईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, रोझरी चालू ठेवा आणि गोळीही घ्या.

आता फ्लॅटचं. इग्नेशियस ऑफ लोयोला तुम्हाला माहीतच असेल, जेजुइट फादरांचा संस्थापक. 1521 साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय फुटला आणि हा शूर गडी महिनोन्महिने घरी खाटेवर पडून राहिला. वाचायला त्याला सरदारांच्या शौर्याच्या कथा हव्या होत्या, त्या घरात नव्हत्या, मग ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी हातात आल्या. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की लढाईची आणि राजघराण्यातल्या बाईची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांचा विचार केला की ते बरं वाटणं नंतरही टिकतं. एवढ्या साध्या निरीक्षणावर त्याने पुढे आध्यात्मिक साधनेची सगळी पद्धत उभी केली. त्यातला एक नियम तुमच्यासाठीच आहे असं समजा: मन कोरडं असेल, अंधारून आलेलं असेल तेव्हा आधी ठरवलेलं काही बदलायचं नाही. मन शांत असताना जे ठरवलं होतं तेच धरून राहायचं. म्हणजे फ्लॅट आत्ता विकू नका. बायकोला सांगा की सहा महिने हा विषय बंद, वसई कुठे पळून जात नाही. अर्थात हप्ते थकत असतील, बँकेची पत्रं येत असतील तर गोष्ट वेगळी, पण तो हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल.

पण त्याच इग्नेशियसने लगेच पुढे हेही सांगितलंय की निर्णय बदलू नकोस पण स्वतः उलटा जोर लाव, म्हणजे प्रार्थना कमी करावीशी वाटतेय ना, मग थोडी वाढव. तुमच्याकडे आता सकाळ मोकळी आहे. रोजच्या सकाळच्या मिस्सेला जाऊन बघा, रविवारसारखी गर्दी नसते, लांबलचक प्रवचन नसतं, बहुतेक पेन्शनीतले लोक आणि दोन-चार सिस्टर असतात, अर्ध्या तासात बाहेर. आणि अकाउंट्सचा माणूस रिकामा बसलाय हे तुमच्या फादरांना कळवा! चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाला) आर्थिक समिती असावीच लागते आणि तिथे व्हाउचर नीट लावणारा माणूस मिळत नाही म्हणून बोंब असते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी तुमच्याकडे असेल तर त्यांच्याबरोबर गरजू कुटुंबांच्या घरी जा. पगार नाही मिळणार, मान्य, पण आठवड्यातून दोनदा इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडायला कारण मिळेल आणि तुमच्या वयाला हे कारण फार मोठं असतं.

जाता जाता तुमच्या वसईचाच माणूस आठवा, संत गोन्सालो गार्सिया. तरुणपणी जपानला जेजुइटांच्या हाताखाली काम केलं, त्यांच्यात घ्या म्हणून मागे लागला, नाही घेतलं. मग व्यापार केला, चांगला चालवला, तेही सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि भाषा येते म्हणून पुन्हा जपानला गेला, तिथे 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत त्याला क्रूसावर मारलं. आपण फिस्ताला, म्हणजे त्याच्या सणाला, हार घालतो आणि विसरतो की या संताला जिथे जायचं होतं तिथे नकार मिळाला होता.

प्रश्न: परळच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, रोटेशनमध्ये महिन्यातून दोन-तीन रविवार तरी ड्युटी लागते. नाइट करून आले की मिस्सेला उभ्या उभ्या झोप येते. आई फोनवर म्हणते पाप लागतं. खरंच लागतं का?

उत्तर: नाही लागत. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, ती जमतेय का बघ. तीही नाही जमली तर गंभीर कारण असेल तेव्हा रविवारच्या बंधनातून सूट आहे, आजारपण, तान्ह्या बाळाची काळजी ही उदाहरणं चर्चच्या शिकवणीतच दिलेली आहेत, मग वॉर्डमध्ये वीस पेशंट सोडून ये असं कोण म्हणेल. तरी एकदा फादरांशी बोलून घे, म्हणजे आईला सांगता येईल की फादरच म्हणाले, आयांना तेवढं पुरतं. मात्र सुट्टीच्या रविवारी ही सूट वापरायची नाही हां.

झोपेचं म्हणशील तर लिझ्यूची संत तेरेजा, 24 व्या वर्षी 1897 मध्ये वारली ती, तिला कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेला बसलं की झोप लागायची आणि तिचं म्हणणं असं की लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच प्रिय असतात. हीच तेरेजा लहानसहान कामं प्रेमाने करणं यालाच आपला मार्ग म्हणायची. पहाटे 3 चा राऊंड घेताना बीपीचा पट्टा फुगेपर्यंत जे काही सेकंद मिळतात त्यात त्या पेशंटचं नाव मनात घे, बस. वेगळी पाच मिनिटं शोधत बसलीस तर ती तुला मिळणार नाहीत.

प्रश्न: माझं माहेर साताऱ्याकडचं, हिंदू. नवरा कॅथलिक, आम्ही वाकोल्याला राहतो. नऊ वर्षांपूर्वी चर्चमध्येच लग्न झालं पण मी धर्म बदलला नाही आणि सासरी कुणी कधी म्हटलंही नाही. दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा झालाय. मोठ्याच्या फर्स्ट कम्युनियनची (पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या विधीची) तयारी करून घेता घेता सगळ्या प्रार्थना माझ्याच पाठ झाल्या. गेल्या वर्षभरात कधी कधी बुधवारी ऑफिसमधून येताना माहीमला उतरते, तिथल्या चर्चमध्ये नोवेना, म्हणजे मरियमेची प्रार्थना, करते, घरी सांगत नाही. आता वाटतं आपणही कॅथलिक व्हावं. पण आईला काय सांगू? गौरी-गणपतीला माहेरी जाणं बंद करावं लागेल का? आणि हे मला खरंच वाटतंय की नवऱ्या-मुलांसारखं व्हायचंय म्हणून वाटतंय, कसं ओळखू?

उत्तर: ताई, तुझं पत्र दोनदा वाचलं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून तिथूनच सुरू करते.

माहीमच्या नोवेनावरून काही ठरवू नकोस. 1948 पासून ती नोवेना चालू आहे आणि बुधवारी तिथे येणाऱ्यांत कितीतरी जण कॅथलिक नसतात, मराठी, गुजराती, सगळे येतात, मोत मावलीच्या जत्रेला बांद्र्याला येतात तसेच. मायमाऊलीपुढे मन मोकळं करायला बाप्तिस्मा लागत नाही. त्यामुळे 'मला तिथे शांत वाटतं' हे चांगलंच आहे पण कॅथलिक व्हायला ते पुरेसं कारण नाही. स्वतःला असं विचार: उद्या नवरा म्हणाला की काही गरज नाही, आहेस तशीच राहा, तर मला हायसं वाटेल की वाईट वाटेल? आणि दुसरं, येशूबद्दल माझं मत काय आहे, तो एक चांगला गुरू होता एवढंच, की तो मेलेल्यांतून उठला हे मला खरं वाटतं? या दुसऱ्याचं उत्तर आज नसेल तरी चालेल, पण प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. मला विचारशील तर घरी न सांगता माहीमला उतरणं हे मला आवडलं, कुणाला दाखवायला नाही करत आहेस म्हणजे.

आणि घाई होईल अशी भीती बाळगू नकोस, चर्चच घाई करू देत नाही. मोठ्या माणसाला बाप्तिस्मा द्यायचा तर त्याची स्वतःची इच्छा हवी, नीट शिक्षण झालेलं हवं, आणि कुणावर जबरदस्ती करायची नाही हे तर कायद्यातच लिहिलंय. पहिल्या शतकांतली जुनी पद्धत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांची मोठी सभा) पुन्हा आणली, 1972 मध्ये तो विधी जाहीर झाला, आणि आता साधारण असं चालतं. आधी फादरांना भेटायचं, काही महिने नुसते प्रश्न विचारायचे, गप्पा मारायच्या, इथून परत फिरलीस तरी कुणी काही म्हणणार नाही. मग चर्चमध्ये स्वागताचा छोटा विधी होतो आणि वर्ग सुरू होतात, बायबल, संस्कार, प्रार्थना, नैतिक प्रश्न, सगळं. याला कुणाला वर्ष लागतं, कुणाला जास्त. मग ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला बिशपांसमोर नाव नोंदवलं जातं, त्याच काळातल्या तीन रविवारी खास प्रार्थना होतात, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री, सगळ्या चर्चमध्ये काळोख करून नवीन मेणबत्ती पेटवतात ना, त्या मिस्सेत बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि पहिलं कम्युनियन असे तिन्ही संस्कार एकाच रात्री मिळतात. तुझा मुलगा कम्युनियनला तुझ्या पुढे गेला, त्याला हे जाम आवडेल!

लग्न पुन्हा करायचं नाही. तुमचं लग्न परवानगी घेऊन चर्चमध्ये झालंय ते वैधच आहे, आणि तुझा बाप्तिस्मा झाला की तेच लग्न आपोआप संस्कार होतं. सरकारी कागदांचा विषय वेगळा, तो चर्चच्या रजिस्टरने सुटत नाही, वकिलाला विचार. माहेरचा अनुसूचित जातीचा दाखला असेल तर आत्ताच माहिती करून घे, कारण 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. असल्या गोष्टी नंतर कळल्या की घरात फार कडवटपणा येतो.

गॉडपेरेंट, म्हणजे बाप्तिस्म्याला सोबत उभं राहणारं माणूस, निवडताना नवरा किंवा सासरचं कुणी नको असं माझं वैयक्तिक मत. ज्या बाईला तू रात्री फोन करून 'मला हे पटत नाहीये' म्हणू शकशील ती निवड.

आता आई. तिला आधी सांग, झाल्यावर नको, आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. एकटी जा साताऱ्याला, नवऱ्याला नेऊ नकोस, नाहीतर तिला वाटेल त्यानेच भरवलंय. ती रडेल, आम्ही कुठे कमी पडलो म्हणेल. त्या वेळी तिला पटवून द्यायला जाऊ नकोस, बायबलमधलं काही सांगू नकोस. देवासमोर हात जोडायला मी तुझ्याकडूनच शिकले एवढं म्हण, कारण ते खरं आहे. तू पहाटे उठून दिवा लावणाऱ्या बाईची मुलगी आहेस म्हणून तर आज माहीमला उतरतेस.

गौरी-गणपतीला जा ना, का बंद करायचं? माहेरचा सण आहे, मोदक वळायला हात हवेतच, गौरीच्या जेवणाला लेक नसेल तर कसं चालेल. बाकी धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही हे 1965 मध्येच त्याच व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलंय. मात्र आरती चालू असताना घरच्यांसोबत आदराने उभं राहणं आणि स्वतः पूजेला बसणं यात फरक आहे, बाप्तिस्म्यानंतर दुसरं तुला करता येणार नाही. प्रसादाचं विचारशील तर त्यावर आमच्याकडे दर गणपतीला घराघरात वाद होतात आणि प्रत्येक काकांचं मत वेगळं असतं, तू काकांना न विचारता तुझ्या फादरांना विचार. आईलाही या मर्यादा आधीच सांगून ठेव, सणाच्या दिवशी पाटावर बसायच्या वेळी नको.

प्रश्न: वय 63. आमचं गावठाणातलं घर रीडेव्हलपमेंटला गेलं, बिल्डरने तात्पुरतं मालाडला चौदाव्या मजल्यावर भाड्याने ठेवलंय, तीन वर्षं म्हणतात पण कोण जाणे. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगी टोरंटोला. आमच्या गल्लीत क्रूस होता, मे महिन्यात रोज संध्याकाळी तिथे सगळे जमून रोझरी म्हणायचो, मग उकडलेले चणे वाटायचे, पोरं चण्यांसाठीच यायची. इथे समोरच्या दाराचं नाव पण माहीत नाही. ऑल्टर, म्हणजे घरातला देव्हारा, अजून खोक्यातच आहे. प्रार्थनेला बसले की देवाचा रागच येतो. या वयात असं वागणं बरं नव्हे ना?

उत्तर: आंटी, राग येऊ दे की. बायबलमधली स्तोत्रं उघडा, 13 वं स्तोत्र सुरूच होतं ते 'किती काळ मला विसरशील' म्हणून, आणि 88 वं तर शेवटपर्यंत काळोखातच राहतं, गोड शेवट नाहीच त्याला. ही स्तोत्रं चर्च हजारो वर्षं प्रार्थना म्हणूनच म्हणतंय. तुम्ही देवाशी भांडताय म्हणजे बोलणं चालू आहे.

पण ऑल्टर खोक्यातून काढा हो. तीन वर्षं कुणी खोक्यात राहतं का? टीव्हीच्या शेजारी लावा, जागा लहान असली तर फक्त मूर्ती आणि मिस्टरांचा फोटो.

तुमच्या त्या क्रूसाबद्दल सांगते. मुंबईच्या गल्ल्यांमधले कितीतरी क्रूस 1896 च्या प्लेगच्या काळातले आहेत, खाली दगडावर साल कोरलेलं दिसतं बघा. लोक मरत होते, जमेल ते शहर सोडून पळत होते, तेव्हा मागे राहिलेल्यांनी ते उभे केले. म्हणजे तुमच्या आजे-सासऱ्यांनी सुखात असताना ती जागा नव्हती केली. तुमचा क्रूस बिल्डरने कुठे ठेवलाय, नवीन प्लॅनमध्ये तो दाखवलाय का, हे मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये लेखी विचारा, नुसत्या तोंडी आश्वासनावर राहू नका, गावठाणातल्या बाकीच्यांच्या सह्या घ्या. हे कामही धर्माचंच आहे.

मालाडच्या पॅरिश ऑफिसमध्ये जाऊन नवीन पत्ता नोंदवा आणि तुमची बिल्डिंग कुठल्या समूहात येते ते विचारा, लहान ख्रिस्ती समूह आपल्या पॅरिशांमध्ये असतातच, तेच कुणाला तरी तुमच्याकडे पाठवतील. तुमच्याच टॉवरमध्ये दोन-तीन कॅथलिक घरं निघतील, पैज लावते. ऑक्टोबर रोझरीचा महिना, एक दिवस तुमच्याकडे ठेवा आणि चणे उकडा, त्या वासाने समोरच्या दाराचं नावही कळेल. मुलीबरोबर व्हिडिओ कॉलवर रोझरी जमते का बघा, आपले संध्याकाळचे 7 म्हणजे टोरंटोला सकाळचे साडेआठ-साडेनऊ, रविवारी तिला जमेल. रोझरीची पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) नाही जमली तर एक म्हणा. नाहीतर त्या कॉलवर फक्त 'जेवलीस का' एवढंच होतं ना दोघींचं.

प्रश्न: 28 वर्षांचा आहे, घाटकोपर. जानेवारीत लग्न. दृढीकरणानंतर कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, गेलोच नाही, दहा-बारा वर्षं तरी झाली. आता लग्नाआधी जायला सांगितलंय. काय बोलतात तेच विसरलोय आणि आमचे फादर मला क्रिकेटमुळे चांगले ओळखतात. फार ऑकवर्ड होतंय.

उत्तर: मग दुसऱ्या चर्चला जा, चालतं! दादर, माहीम, बांद्रा, कुठेही. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोल: फादर, दहा-बारा वर्षांनी आलोय, कसं करायचं विसरलो, जरा मदत करा. पुढचं ते विचारतात, तू फक्त खरी उत्तरं दे. मोठी पापं लपवायची नाहीत, पण मनापासून आठवून जी आठवलीच नाहीत तीही क्षमेत येतात, पुढे कधी आठवली तर पुढच्या वेळी सांगायची. तू सांगितलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, बिशपना नाही, तुझ्या आईला तर नाहीच.

फक्त लग्नाच्या आदल्या दिवसावर ठेवू नकोस, त्या दिवशी शेरवानीचं फिटिंग, बँडवाला आणि गावाहून आलेले काका यातून तुला श्वास घ्यायला मिळणार नाही. नाताळच्या आधी आगमनकाळात बऱ्याच चर्चमध्ये कन्फेशनसाठी एकाच संध्याकाळी बाहेरचे चार-पाच फादर बोलावतात, तारीख रविवारच्या सूचनांमध्ये सांगतात, तेव्हा जा. आणि होणाऱ्या बायकोला विचार ती किती वर्षांनी जाणार आहे, कदाचित रांगेत तुझ्या मागेच उभी असेल.